आईच्या मागे, दीपगृहापर्यंत

२ ऑक्टोबर

— दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. दादाच्या डब्याला झाकण लावलं. वहिनींच्या चहात साखर न घालता चमचा फिरवला. साखर त्यांना चालत नाही, पण ढवळल्याशिवाय चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. मोज्यांच्या जोड्या लावल्या. न्हाणीघराची जाळी तुंबली होती, ती काडीने मोकळी केली. मग पिळे घेऊन गच्चीवर गेले, चादरी झटकल्या, चिमटे लावले. गेल्या महिन्यातली एक सकाळ. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दादाकडे माझ्या सगळ्या सकाळी अशाच जातात. हीच आठवायचं कारण एवढंच, की रिकामी बादली घेऊन खाली आले तोवर माझा एक अख्खा पंधरवडा दिवाणखान्यात परस्पर ठरून गेला होता.

आई सोफ्याच्या कडेवर बसली होती, बूट न काढता. दादा समोर उभा, ऑफिसात उभा राहतो तसा.

"तीन जिने, आई! लिफ्ट नाही. परवा घसरलीस. उद्या काही मोडलं म्हणजे?"

"मोडलं की बघू."

"ते घर काढून टाकू. आमच्या मागच्या खोलीत ये. छोटी आहेच तिथे. तुम्हा दोघींना एकमेकींची सोबत."

छोटी म्हणजे मी. वय एक्कावन्न. मागची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची — तिथे माझी कॉट असते आणि कपडे धुवायचं मशीन असतं. मशीन धरून आम्ही तिघी झालो असतो.

आईची सगळी नोकरी पोस्टात गेली. टपाल वाटायचं काम, पायी, एका खांद्यावर थैली. तिच्या गुडघ्यांबद्दल कोणी बोललं की ती कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलते. म्हणाली, "मी लांब वाट चालून दाखवते. धरणापासून दीपगृहापर्यंत. माझं ओझं मी उचलणार. पोचले तर हा विषय बंद, आणि घराचं मी म्हणेन ते. नाही पोचले तर किल्ली तुझी."

"डन!" दादा म्हणाला. त्याला वाटलं, धरणाच्या पायऱ्यांवरच निकाल लागेल.

मग त्याने अट घातली. छोटी बरोबर जाईल. रोज संध्याकाळी फोनवर रिपोर्ट देईल. कुठे काही गडबड झाली, आई गोंधळली, पडली, थांबली, की खेळ संपला. मला कुणीच विचारलं नाही. मी बादली हातात घेऊन उभी होते, तेवढंच पुरेसं धरलं गेलं.

उद्या बांधाबांध.


३ ऑक्टोबर

दादाने माझ्यासाठी पाठपिशवी आणली. तिला इतके पट्टे की अंगावर चढवली तर विमानातून उडी मारायची तयारी चाललीय असं वाटावं. छातीवर एक शिट्टीसुद्धा आहे! हरवलात तर वाजवा म्हणे. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच मी हरवले तर कुणाला तरी कळावं अशी सोय झाली.

आईने दोन पट्ट्यांची पिशवी नाकारली. "दोन्ही खांदे अडकल्यावर पिशवीत हात घालायचा कुठून?" एकाच खांद्यावरची जुनी जाड कापडाची थैली भरली. ज्या क्रमाने दिवसात लागेल त्या क्रमाने सामान, सगळ्यात आधी लागणारं सगळ्यात वर. मी तिची घडी नीट करायला गेले तर हातावर चापट बसली.

वहिनींनी एक पुस्तक दिलं. चालल्याने दुःख कसं निघून जातं याबद्दलचं. वहिनींनी शनिवार-रविवारचा एक वर्ग केलाय, दुःखी माणसांशी कसं बोलावं याचा. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलताना मान एका बाजूला कलती करतात. पुस्तक मी चाळलं. लेखकाचा पाठमोरा फोटो आहे, डोंगरावर. बुटांचे तळवे दिसतात — कोरे करकरीत.

ते ठेवलं, आणि अंथरुणाच्या वळकटीत माझी जाडी कादंबरी लपवली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचन यांच्यामुळे झालं. हे लिफ्टचे मेकॅनिक. लोक लिफ्टमध्ये पुस्तकं विसरतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. हे ती घरी आणायचे. मालक शोधत आला की अर्धं वाचून झालेलं पुस्तक परत! त्यामुळे कितीतरी कादंबऱ्यांतल्या लोकांची लग्नं झाली की नाही, मला अजून माहीत नाही. ही मात्र वाचनालयाची आहे. ही शेवटापर्यंत वाचणार.


४ ऑक्टोबर

निघालो. दादा धरणापर्यंत सोडायला आला. भिंतीवर फोटो. आईला म्हणाला, "हस ना जरा." आई म्हणाली, "पोचल्यावर."

वहिनींनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "ताई, वाटेत रडून घ्या. पण नीट."

लांब वाट धरणापासून निघते, डोंगराच्या धारेने जाते आणि समुद्रावरच्या दीपगृहाशी संपते. दगडांवर पिवळे पट्टे रंगवलेत. दिवसाच्या चालीवर एकेक मुक्कामघर. तरुण मुलं पाठीवर बिऱ्हाड बांधून ही वाट चालतात आणि परत आल्यावर वर्षभर त्याबद्दल बोलतात.

आई पुढे, मी मागे. तिच्या टाचा बघत दिवस गेला.


५ ऑक्टोबर

पाय माझे नाहीत. कुणाचे आहेत त्याने येऊन घेऊन जावेत.


६ ऑक्टोबर

मुक्कामघरात एक गृहस्थ भेटले. चाळिशीचे, मोठ्या कंपनीत काहीतरी होते, ते सोडून स्वतःला शोधायला निघालेत. आईने विचारलं, "शेवटचे कुठे दिसला होतात?" ते हसले नाहीत.

त्यांचा सगळा अभिमान त्यांच्या पिशवीच्या वजनात आहे. दातांचा ब्रश अर्धा कापलाय. टॉवेल म्हणजे रुमालाचं पिल्लू. जादा मोजे नाहीत, सुई-दोरा नाही, पातेलं नाही, मीठ नाही. "सामान म्हणजे भीती," असं म्हणाले. मग आमच्याकडून मीठ घेतलं, पातेलं घेतलं, टाचेला लावायला चिकटपट्टी घेतली आणि आईचा सुई-दोराही. त्यांची पिशवी पिसासारखी हलकी आहे, कारण त्यांचं बाकीचं सामान इतर लोक उचलतात. आईने त्यांचं नाव पीसभाऊ ठेवलं.

रिपोर्ट : "पोचलो. आई ठणठणीत. जेवली."

दादाचं उत्तर : अंगठा. वहिनींचं उत्तर : हात जोडलेले, सूर्य, डोंगर, परत सूर्य.


८ ऑक्टोबर

चढ. आईला दम लागतो, पण ती तो लागू देत नाही. दगडाला टेकून उभी राहते आणि "देखावा बघतेय" म्हणते. आज तिने एका विजेच्या खांबाचा देखावा बराच वेळ बघितला.

वाटेत एकेकटी घरं लागतात. प्रत्येक फाटकाशी तिची चाल मंदावते. कुत्रं भुंकलं की त्याच्याकडे न बघता हात खाली सोडते, आणि कुत्रं गप्प! मला म्हणाली, "कुत्र्याला वाटतं आपण पळावं. नाही पळालं की त्याचीच पंचाईत."

दुपारी तिने थैलीतून बिस्किटं काढायच्या ऐवजी साबण काढला, कागद सोडला, आणि बघत राहिली. मी हसले. वर-खाली झाला असेल क्रम. तिला हसू आलं नाही.

दादाचा फोन. "फोटोत मागे मैलाचा दगड दिसू दे. पुरावा म्हणून." पुरावा! आम्ही दोघी दरोडा घालायला निघालोय.


९ ऑक्टोबर

हे गेल्यापासून मी कुठल्याही इमारतीत लिफ्ट घेत नाही. हे कुठे गेले तरी लिफ्टच्या दारावर तळवा ठेवायचे आणि ऐकायचे, डॉक्टर छाती ऐकतो तसं. "दोरी थकलीय," म्हणायचे. नाहीतर "ही अजून वीस वर्षं जाते." स्वतःचं मात्र ऐकलं नाही.

या वाटेवर लिफ्ट नाही, जिना नाही, सरकतं दार नाही. सहा दिवसांत यांची आठवण होईल असं काहीच दिसलं नाही, आणि आज ओढ्याशी पाणी भरताना तेच लक्षात आलं. बाटली भरून वाहायला लागली तरी मी धरून उभी. आई पुढच्या दगडावर बसली, माझ्याकडे पाठ करून. माझं झाल्यावर उठली.

रडले. नीट की कसं, ते बघायला वहिनी नव्हत्या.

रात्री झोपताना अजूनही मी कॉटच्या कडेला झोपते. अर्धी जागा रिकामी. ही कॉट तर एकाच माणसाची आहे, तरी.


१० ऑक्टोबर

आजचं कसं लिहू! हसावं की काय करावं!

सकाळी निळ्या दाराच्या मुक्कामघरातून निघालो. तिथली बाई कडक — दारातच नियमांची पाटी, आणि पाटीखाली ती स्वतः. बूट बाहेर, चादरी घडी घालून, शिट्टी वाजवायची नाही. दुपारपर्यंत धारेवर चढलो. सपाट खडकावर बसून उकडलेले बटाटे आणि अंडी खाल्ली. तेवढ्यात धुकं आलं. असलं दाट की पिवळे पट्टे जवळ गेल्याशिवाय दिसेनात. आई उठली, थैली खांद्यावर टाकली आणि निघाली. मी मागे. तिच्या टाचा बघत.

वाट सोपी होती. उतार! मनात म्हटलं, चला, आजचा दिवस बरा. कादंबरीतली विधवा (त्यातही एक आहेच) त्या वकिलाशी बोलणार की नाही याचा विचार करत चालले. ऊन कलायच्या सुमाराला धुक्यातून मुक्कामघर दिसलं. निळं दार. मला वाटलं, सगळी घरं एकाच रंगाची करतात वाटतं. दारात पाटी, पाटीखाली एक बाई.

मी म्हटलं, "दोघीजणी आहोत. दोन कॉट मिळतील?"

ती म्हणाली, "सकाळच्याच घ्या. चादरी अजून बदललेल्या नाहीत."

दिवसभर चाललो आणि निघालो होतो तिथेच आलो! मी पायरीवरच बसले. हसू आवरेना. आई उभी होती. दाराकडे बघत होती, मग वाटेकडे, मग परत दाराकडे. चेहरा पांढरा पडला होता. दमली असणार.

रिपोर्ट पाठवला नाही. काय पाठवणार?


११ ऑक्टोबर

कळलं! सकाळी चहा पिताना एकदम डोक्यात प्रकाश पडला.

टपालवाल्याचा रोजचा रस्ता, म्हणजे त्याचं बीट, कधीच सरळ नसतो. पोस्टातून निघायचं, घरं घेत घेत लांबच्या टोकाला जायचं, तिथे डबा खायचा, आणि दुसऱ्या बाजूची घरं घेत परत पोस्टात. रोज. आईचे पाय आयुष्यभर तसेच चाललेत : डबा खाल्ला की घराकडे. काल डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तेव्हा पायांनी कारभार हातात घेतला. पोट भरलं, वळा!

मी हे निळ्या दाराच्या बाईला सांगितलं. ती कडक बाई इतकी हसली की तिने आम्हाला एकेक अंडं जास्त दिलं. मग तिने ते नवीन आलेल्या चौघांना सांगितलं. त्यांनी आईबरोबर फोटो काढले. आपण शोधून काढलेली गोष्ट लोक एकमेकांना सांगताहेत — मला फार बरं वाटलं. पुस्तकं वाचण्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

आई ऐकत होती. म्हणाली, "हो. तसंच असेल."

आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं तिने एका फटक्यात मान्य केलं!

तोडगाही मीच काढला. जेवायला बसताना तिचं तोंड समुद्राच्या दिशेला करायचं, आणि जेवण झालं की पुढे मी. ती मागे. सकाळी तिच्या टाचा, दुपारी माझ्या.

रिपोर्ट : "धुक्यामुळे एक दिवस थांबलो. आई ठणठणीत."

थांबलो हे खरं नाही. पण दादाला बीट आणि डबा कोण समजावणार? त्याला त्यातला "आई" आणि "वळली" एवढंच ऐकू येईल.


१२ ऑक्टोबर

पुढे चाललं की डोंगर दिसतो. इतके दिवस मला माहीतच नव्हतं.


१३ ऑक्टोबर

पीसभाऊ परत भेटले. ओढ्याकाठी बसले होते. तळव्याला फोड आलेले, अर्ध्या ब्रशाने अर्धेच दात घासत होते. आम्हाला बघून इतके खुलले की जणू सख्ख्या बहिणी भेटल्या. सख्ख्या बहिणींकडे चहापत्ती होती.

आईने मला बाजूला घेतलं. "हा कोण गं?"

"अगं, पीसभाऊ! तूच तर नाव ठेवलंस."

"हां, हां," म्हणाली आणि त्यांना चहा दिला.

रस्त्याने विचार केला. अर्थात! टपालवाल्याला माणसं दारावरून आठवतात. हिरवं फाटक म्हणजे मास्तर, तुटकी पायरी म्हणजे शिंपीणकाकू. या माणसाला दारच नाही, ओळखणार कशी? हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुला बरं सुचतं."

पीसभाऊ निघताना म्हणाले, "तुमच्या आईंकडे बघून वाटतं, हलकं कसं व्हावं ते शिकावं." त्या वेळी आमचं पातेलं त्यांच्याच हातात होतं.


१४ ऑक्टोबर

दादाचा फोन. आवाज गोड. गोड झाला की समजावं, कागदपत्रं समोर मांडून बसलाय.

"छोटे, नऊ तारखेच्या संध्याकाळच्या फोटोत निळं दार आहे. अकराच्या सकाळच्या फोटोतही निळं दार. मधला दिवस कुठाय?"

"धुकं होतं."

"थांबलात?"

"हो."

"आई गोंधळली नाही ना? खरं सांग. यात तिचंच भलं आहे. तुझंही. दोघी एकत्र राहाल, तुला घरात एक माणूस होईल. वहिनीसुद्धा म्हणत होती, ताई नसल्या की घर कसं खायला उठतं."

घर खायला उठत नाही. खायला कुणी घालत नाही म्हणून उठतं. मागून वहिनींचा आवाज आला, "इस्त्रीवाल्याचा नंबर विचार ना त्यांना."

मी म्हटलं, "आई गोंधळली नाही."

फोन ठेवला आणि वळले, तर आई मागे उभी. किती ऐकलं कुणास ठाऊक. म्हणाली, "सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? पायांची सवय! त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"अजून वाट बाकी आहे ना?"

"आहे."

"मग चल."


१५ ऑक्टोबर

भांडलो. कारण कॉफीचा डबा. ती म्हणे मी हरवला, मी म्हणे तिने. तिच्या अंथरुणात सापडला. मी म्हटलं, होतं असं. तर अंगावर आली — "होतं असं, होतं असं! सगळ्याला तुझ्याकडे उत्तर! एकदा तरी गप्प बस!"

डबा माझ्या पिशवीत टाकला. तिला दीपगृहाची घाई झालीय. आज तिने विजेचे खांबसुद्धा बघितले नाहीत, दम न घेता चालली. मी मागे राहिले की वळून हाक मारते. पोस्ट बंद व्हायच्या वेळेला धावायची तशी.

एवढी घाई कशाची, विचारलं. म्हणाली, "पोचायची."


१६ ऑक्टोबर

कादंबरी संपली. विधवा वकिलाशी बोलली. उगीच बोलली.

समुद्राचा वास येतोय.


१७ ऑक्टोबर

पोचलो!

शेवटच्या वळणावर दीपगृह दिसलं, आणि त्याच्याखाली दादाची गाडी. वहिनी फोन धरून उभ्या. दादाच्या हातात पुष्पगुच्छ. तो कोणासाठी आणला होता देवच जाणे, कारण त्याला वाटलं होतं गाडी मधूनच आम्हाला उचलायला पाठवावी लागेल. पण बहीण रोज फोटो पाठवत राहिली, तेव्हा शेवटी गुच्छ घ्यावाच लागला.

आई थैली सावरत आली, भिंतीला हात लावला आणि टेकून उभी राहिली.

वहिनी म्हणाल्या, "आई, परत एकदा वळणावरून येता? उजेड मागून होता."

"मी एकदाच पोचते," आई म्हणाली.

मग दादाने फोनसमोर भाषण केलं. आमच्या आईने दाखवून दिलं की जिद्द असेल तर काहीही, आणि मी पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी होतो, वगैरे. पहिल्या दिवशी तो धरणावर पाठीशी होता हे खरंच आहे. नंतर तो गाडीत बसून घरी गेला.

आई म्हणाली, "घराचं मी म्हणेन ते?"

"शब्द म्हणजे शब्द, आई. तू म्हणशील ते."

"सूनबाई, ऐकलंस?"

"ऐकलं काय, रेकॉर्डच झालंय की," वहिनी म्हणाल्या, आणि मग दादाने त्यांच्याकडे जे बघितलं ते रेकॉर्ड झालं नाही.

आईने फोटोत हसून दाखवलं. मी पण. बूट काढून पाय समुद्रात घातले. जिंकलो! इतकं मोकळं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. गाडीत आई माझ्या खांद्यावर झोपून गेली, थैली मांडीवर धरून.


१९ ऑक्टोबर

परवा दादाने आम्हाला आईच्या घराखाली सोडलं. पहिल्या जिन्याच्या वळणावर आई बसली. मला वाटलं, गुडघे. म्हणाली, "बस." मी बसले.

"धुक्यात मी सवयीने नव्हते वळले. जेवून उठले आणि कुठे चाललोय तेच आठवेना. तुला विचारायची लाज वाटली, म्हणून नुसती चालत सुटले. आधीही झालंय असं. तू सगळ्यांना इतकं छान सांगत होतीस, म्हटलं राहू दे." मग जरा थांबून — "मी मागच्या खोलीत जाते. या घरात तू राहा. डोकं ताळ्यावर आहे तोवर मला हे माझ्या तोंडाने सांगायचं होतं. म्हणून चालले."

मी तिची थैली माझ्या खांद्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी दादाला फोन केला आणि धुक्यातलं जसं घडलं तसं सांगितलं. तो बोलायला लागला, त्याला म्हटलं, आई कुठेही जाणार नाही, डॉक्टरची वेळ तेवढी तू घे. वहिनींना इस्त्रीवाल्याचा नंबर दिला. मग मागच्या खोलीतून माझी ट्रंक घेतली, तीन जिने चढून वर आणली आणि आईच्या कॉटशेजारी ठेवली.